चार दिवस आणि त्याआधीचे दहा

आमच्या घरात बायकांच्या चार दिवसांची माहिती जितकी चोख असायची तितकी भरती-ओहोटीचीही नसायची, आणि आम्ही तर समुद्रावर पोट असलेली माणसं. कोण कधी बाहेर बसली, कितव्या दिवशी न्हाली, लोणच्याच्या बरणीला कोणाचा हात लागला, सुकत घातलेल्या बोंबलांजवळून कोण गेली, हे माझ्या आयला, शेजारच्या काकूला, अगदी होडीवरून येऊन जेवायला बसलेल्या बाबांनाही पाठ असायचं. डहाणूजवळच्या आगर गावातल्या त्या घराला मागे पत्र्याची एक पडवी होती. तिथे एक गोधडी, एक तांब्या आणि कडा वाकलेलं एक जर्मनचं ताट कायमचं ठेवलेलं. पाळी आली की आम्ही तिकडे जायचं, आणि त्या ताटात वरूनच भाकरी पडायची. इतकी जागरूक माणसं! पण त्या चार दिवसांच्या आधीच्या दहा दिवसांत घरातली एक मुलगी डोळ्यांदेखत दुसरीच कोणीतरी होते, हे चार वर्षं त्यांच्यापैकी कोणाच्याही लक्षात आलं नाही. एक बाई सोडून. आणि त्या बाईला घरात कोणी काही विचारतच नव्हतं.

ती बाई म्हणजे मथुरा आत्या, बाबांची थोरली बहीण. लग्न होऊन तीन वर्षांत नवऱ्याने तिला परत आणून सोडली होती. कारण म्हणे तिच्या अंगात काहीतरी येतं. माझ्या जन्माच्या आधीची ही गोष्ट. मी पाहिली ती आत्या पन्नाशी ओलांडलेली, हडकुळी, कमी बोलणारी, दिवसभर अंगणातल्या वलांडीपाशी उभी. बांबूंच्या त्या मांडवावर बोंबील जोडीजोडीने टांगायचे, ते उलटायचे, कावळे हाकायचे, जमिनीवर पसरलेला जवळा झाडूने सारखा करायचा, ही तिची कामं. आणि घरातली कोणी बाहेर बसली की तिचं जेवण मागच्या पडवीत नेऊन देणं हेही तिचंच, कारण तिची स्वतःची पाळी केव्हाच थांबलेली. लग्नकार्याला तिला नेत नसत. पाहुणे आले की आय तिला हळूच आत जायला सांगायची. मीसुद्धा लहानपणी मैत्रिणींना तिची नक्कल करून दाखवलेली आहे. बाकीच्यांना नावं ठेवायला बसले आहे, तर यादीत माझंही नाव असू दे.

माझं सुरू झालं ते सोळाव्या वर्षी. आधी काय बदलायचं तर आवाज. आय विळीवर मासळीचे खवले काढायची, तो खरखर आवाज एरवी मला ऐकूही येत नसे. त्या दिवसांत तो माझ्या दातांतून जायचा. बाबांचं भुरकणं, शेजारच्यांचा रेडिओ, होड्यांच्या इंजिनांची टकटक, सगळं मुद्दाम माझ्यासाठी चाललंय असं वाटायचं. मग राग. राग म्हणजे साधा नव्हे. कालवणात मीठ जास्त पडलं म्हणून मी टोपाला लाथ मारली आहे, आणि मग त्या सांडलेल्या कालवणाकडे बघत दोन तास रडले आहे. त्यानंतर रागही संपायचा आणि एक जड, राखाडी असं काहीतरी छातीवर येऊन बसायचं. आपण या घराला ओझं आहोत, आपण नसलो तर बरं होईल, हे वाक्य डोक्यात कोणी दुसरंच बोलतंय असं सारखं चालू. आणि एके दिवशी पाळी यायची. दुसऱ्या दिवशी त्याच पत्र्याच्या पडवीत मी जागी व्हायचे आणि बघते तर समुद्र हा नुसता समुद्र, कावळे हे नुसते कावळे, आणि मी ही मी. भूक लागलेली असायची. ज्यांना शिव्या दिल्या त्यांची तोंडं आठवून जीव मेल्यासारखा व्हायचा. पुढचे पंधरा दिवस मी घरातली सगळ्यात शहाणी मुलगी. मग परत आवाज मोठे व्हायला लागायचे.

यावर सगळ्यांकडे उत्तर होतं. काकू म्हणायची, 'शिकतेय ना, म्हणून मिजास.' बाबा म्हणायचे, 'हिला जरा कामाला लावा.' आय म्हणायची, 'लग्न झालं की शांत होईल,' आणि हे म्हणताना तिच्या मागे, दहा हातांवर, लग्न होऊनही शांत न झालेली म्हणून परत पाठवलेली तिची नणंद बोंबील उलटत असायची. बारावीच्या वर्षातल्या सुट्ट्यांत मी घोलवडला चिकूच्या एका वाडीत फळं निवडायला जात असे. तिथली मुकादमीण गुजराती, तिला सगळे बेन म्हणायचे. एकदा मी फळांची अख्खी टोपली उपडी केली तेव्हा ती शांतपणे म्हणाली, 'गरमी चढली आहे डोक्यात. ताक पी.' चार वर्षांत मी इतकं ताक प्यायले आहे की आजही मला ते समोर नको वाटतं.

आज मी चोपन्न वर्षांची आहे. पाळी थांबून तीन वर्षं झाली. आमच्या शिक्षकांच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर अजूनही दर आठवड्याला कोणीतरी बायकांच्या 'मूड'चा विनोद टाकतो आणि त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग लागते. शाळेत मुलींना पॅड वाटायचा कार्यक्रम होतो, पुढारी येतात, 'आता या विषयावर मोकळेपणाने बोललं पाहिजे' असं माइकवरून सांगतात, फोटो काढतात, निघून जातात. बोलतात ते चार दिवसांबद्दल. अजूनही चारच. त्यांच्या आत काय होतं, आधी काय होतं, ते विचारायची कोणाची छाती नाही, की अक्कल नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

तर बारावीनंतर मला डीएडला प्रवेश मिळाला. आमच्या आळीतली शिक्षिका होणारी मी पहिलीच. दुसऱ्या वर्षी सराव पाठ असतात, खऱ्या शाळेत जाऊन खऱ्या मुलांना शिकवायचं. आमच्या गटाला तलासरीकडची एका पाड्यावरची शाळा मिळाली. तिसरीचा वर्ग, वजाबाकी हातचा घेऊन. मला तो पाठ उत्तम येत होता. मी चिंचोके नेले होते, दहा-दहाच्या पुरचुंड्या बांधून. आदल्या आठवड्यात तोच पाठ मी दुसऱ्या वर्गावर घेतला तेव्हा तपासायला आलेल्या बाईंनी माझ्या वहीत 'मुलांशी उत्तम संवाद' असं लिहिलं होतं.

पण त्या दिवशी पाळीआधीच्या दहांतला माझा नववा दिवस होता, तेव्हा मला तो नववा आहे हे ठाऊक नव्हतं. पुढच्या रांगेत जानकी नावाची एक मुलगी बसली होती. पाटीवरच्या पेन्सिलीचं टोक तिने एका जागी धरलं आणि ओढलं. तो आवाज. मी म्हटलं, 'नको करूस.' तिने परत ओढली, खोडी म्हणून नाही, रेघ उमटत नव्हती म्हणून. मी तिसऱ्यांदा सांगितलंच नाही. मी तिच्यापाशी गेले आणि तिला अशी मारली की ती बाजूच्या मुलीवर पडली आणि तिचा ओठ दातावर आपटून फुटला. वर्गात एकदम शांतता झाली. आणि खरं लिहायचं तर त्या शांततेने मला एक क्षण बरं वाटलं. ते बरं वाटणं मी अजून विसरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी जानकीची आई शाळेत आली. मजुरीवर जाता जाता आली होती, कमरेला कोयता तसाच. मला वाटलं, आता ही माझं काय ते करणार, आणि करावं. ती व्हरांड्याच्या पायरीखाली उभी राहिली आणि म्हणाली, 'बाई, पोरीनं काय केलं, सांगा. मी तिला सांगेन, परत नाही करायची.' तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, 'काही नाही केलं.' तिने कमरेचा कोयता नीट खोचला. म्हणाली, 'काहीच नाही?' मी मान हलवली. ती निघून गेली. जन्मात मला कोणी इतकं कमी शब्दांत इतकं खाली बसवलेलं नाही.

प्राचार्यांनी बोलावलं. त्यांच्या टेबलावर एक लाकडी पट्टी असायची आणि ती लिहिण्यासाठी नव्हती. त्याच महिन्यात आमच्या वर्गातल्या एका मुलाने सराव पाठात चार पोरांना ओणवं करून झोडपलं होतं, त्याला 'वर्गावर पकड आहे' असा शेरा मिळाला होता. मला ते म्हणाले, 'शिक्षिकेला संयम लागतो. तुझं डोकं ठिकाणावर नाही असं तुझ्या मैत्रिणीही सांगतात. महिन्याभरात डॉक्टरचा दाखला आण, नाहीतर नाव कमी करतो.' मी जानकीला मारलं ते वाईटच होतं, त्याला मी आजही दुसरं नाव देत नाही. पण पुरुषाने मारलं की शिस्त आणि बाईने मारलं की वेड, हे गणित त्या हातच्याच्या वजाबाकीपेक्षा मला जास्त समजलं.

दाखल्याची शोधाशोध आयने तिच्या पद्धतीने केली. आधी चारोटीचा डॉक्टर, हायवेवरच्या हॉटेलांच्या रांगेत त्याचा दवाखाना. बाहेर ट्रकचे हॉर्न, आत तो. माझ्याकडे न बघता त्याने नाडी धरली, डोळ्याची पापणी खाली ओढली, 'अशक्तपणा' म्हणाला आणि लाल टॉनिकची बाटली दिली. मी धीर करून सांगितलं, पाळीच्या आधी मला असं होतं. तो हसला. 'सगळ्याच बायकांना होतं. माझ्या बायकोलाही होतं. मी त्या दिवसांत घरी उशिरा जातो.' आयही हसली. मी त्या बाटलीचं बूच उघडून ती तिथेच ओतावी असं मनात आलं, पण ते माझे चांगले दिवस होते, म्हणून मी सभ्यपणे पैसे देऊन बाहेर आले.

मग भगत. तलासरीच्या बाजारात आय सुकी मासळी विकायची, तिथल्या तिच्या गिऱ्हाइकाने नाव सुचवलेलं. त्याने सुपात तांदळाचे दाणे टाकले, मोजले, परत टाकले. पाण्यातलं काहीतरी लागलंय म्हणाला आणि उतारा म्हणून एक कोंबडी मागितली. माझा त्यावर विश्वास नव्हता तेव्हाही आणि आजही नाही. पण न्यायाने बोलायचं तर तो माणूस दोन तास माझ्यासमोर बसला, कधी सुरू होतं, कधी उतरतं, झोप येते का, सगळं विचारलं. चारोटीच्या डॉक्टरने मला एक मिनिट दिलं होतं. विद्या चुकीची, पण कान होते. त्याच्या कोंबडीने काही झालं नाही, हे सांगायला नको.

राहिलं लग्न. काकूने एक स्थळ आणलं. मुलाची आई येऊन मला बघून गेली, चांगल्या दिवसांत, आणि पसंती कळवली. आय देवाला हात जोडत होती. डीएड राहिलं तर राहिलं.

त्या दुपारी मी वलांडीच्या सावलीत बसले होते. आत्या बोंबील उलटत होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, 'येत्या सोमवारी तुझं ताट मागच्या पडवीत द्यायचं.'

मी म्हटलं, 'तुला काय माहीत?'

'काल तू चहात साखर नाही म्हणून कप आपटलास. कप आपटलास की सात-आठ दिवसांनी तू बाहेर बसतेस. दोन वर्षं बघतेय.'

ती तशीच बोंबील उलटत होती. 'मला पण असंच व्हायचं,' ती म्हणाली. 'पाळी आली की मी धड. सासूला सांगितलं, ती म्हणाली नाटकं. इथे येऊन तुझ्या आजीला सांगितलं, ती म्हणाली गप्प बस, लोक काय म्हणतील. तुझ्या बाबांना सांगितलं, ते उठून समुद्रावर गेले. मग माझी पाळी थांबली नि सगळंच थांबलं. मी बरी झाले गो. पण तोवर सगळ्यांना सवय झाली होती मला वेडी म्हणायची.'

'मग तू मला आधी का नाही सांगितलंस?'

आता ती थांबली. 'तू माझी नक्कल करायचीस,' ती म्हणाली. रागाने नव्हे. कावळा आला होता, त्याला हाकलून ती पुढच्या बांबूकडे गेली. थोड्या वेळाने तिकडूनच म्हणाली, 'लग्नाला हो म्हणू नकोस. मला हो म्हणायला लावलं होतं.'

डहाणूतल्या एका दवाखान्यात पंधरवड्यातून एकदा मुंबईहून मनाच्या आजारांच्या डॉक्टरीणबाई यायच्या. शाळेतल्या एका बाईंकडून मला ते कळलं होतं, पण तिकडे जायचं म्हणजे वेडावर शिक्कामोर्तब, म्हणून मी गेले नव्हते. आत्याला सांगितलं. ती म्हणाली, 'माझ्यावर शिक्का आहेच. माझ्याबरोबर चल, लोकांना वाटेल मलाच नेतेयस.' तिने पेटीतलं बऱ्यापैकी लुगडं काढलं आणि आयने विचारल्यावर सांगितलं की दात दुखतोय.

डॉक्टरीणबाई वयाने फार मोठ्या नव्हत्या, आवाज बारीक, पण त्या लिहायचं थांबवून ऐकत. त्यांनी सरळ विचारलं, 'त्या दिवसांत जीव द्यावासा वाटतो का?' असं मला कोणी विचारलं नव्हतं. मी हो म्हटलं. आत्या बाजूला बसलेली. तिने माझा हात धरला नाही की काही नाही, ती फक्त डॉक्टरीणबाईंना म्हणाली, 'मलापण वाटायचा.' बाईंनी तिच्याकडेही तितकंच लक्ष देऊन पाहिलं. मग म्हणाल्या, 'तसं वाटलं की त्याच वेळी यांना उठवायचं, एकटं बसायचं नाही, आणि मला निरोप धाडायचा. हे औषधाच्या आधीचं.' नंतर त्यांनी एक वही करायला सांगितली. रोज झोपायच्या आधी लिहायचं: राग किती, उदासी किती, झोप, भूक, अंग दुखणं, एकपासून सहापर्यंत आकडा. पाळीचा दिवस खूण करून. दोन महिने. मी म्हटलं, दाखला एका महिन्यात हवाय. त्या म्हणाल्या, 'तुझ्या प्राचार्यांना मी चिठ्ठी देते की उपचार सुरू आहेत. पण दोन महिने पाहिल्याशिवाय मी या दुखण्याला नाव देणार नाही. काहींना उदासी बारा महिने असते आणि पाळीच्या आधी वाढते. ते दुखणं वेगळं, त्याचा उपाय वेगळा. तुझं कुठलं ते तुझी वही सांगेल.'

मी वही सुरू केली, पण माझ्या आकड्यांवर आत्याचा भरवसा नव्हता. ती मला रोज दिवेलागणीला अंगणात विचारायची, 'किती लिहिलंस?' मी म्हणायचे, 'राग तीन.' ती म्हणायची, 'तीन कसला! भाकरी भिंतीवर मारलीस. पाच लिही.' तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून मी दोन रकाने केले, एक माझा, एक तिचा. चांगल्या दिवसांत दोघींचे आकडे जुळायचे. वाईट दिवसांत मला वाटायचं ती मुद्दाम वाढवते, आणि चांगले दिवस आले की कळायचं तिनेच बरोबर सांगितलं होतं. स्थळाला मी नाही म्हटलं. घरात आठ दिवस कोणी माझ्याशी बोललं नाही. त्यातले सहा दिवस मला ते बरंच वाटलं.

दोन महिन्यांनी बाईंनी वहीची दोन पानं शेजारी-शेजारी धरली. शाळेत जाणाऱ्या पोराला कळेल इतकं ते उघड होतं. दोन्ही पानांवर पहिले पंधरा दिवस एक-दोन, एक-दोन, मग चढत चढत पाच-सहा, आणि पाळीच्या दुसऱ्या दिवशी धाडकन एक. बाई म्हणाल्या, 'तुझ्या शरीरातला पाळीचा रस, हार्मोन म्हणतात तो, इतर बायकांइतकाच आहे. तपासलंस तरी काही कमी-जास्त निघणार नाही. पण त्याच्या चढउताराला तुझा मेंदू वेगळा वागतो. पुष्कळ जणींना पाळीआधी थोडी चिडचिड होते, हे ते नव्हे. हा आजार आहे, तुझा स्वभाव नव्हे. याला नाव अजून धड ठरलेलं नाही, पण औषध आहे.' मी विचारलं, 'जन्मभर?' त्या म्हणाल्या, 'पाळी असेतो लागेल कदाचित. कदाचित फक्त पाळीआधीच्या पंधरा दिवसांपुरतं. बघू.' नाव पुढे ठरलं. परवा माझ्या मुलीने मोबाइलवर दाखवलं: पीएमडीडी. मराठीत त्याला मासिक पाळीपूर्व तीव्र मनोविकार म्हणतात म्हणे. इतकं लांब नाव आपल्याकडे कोणी उच्चारेल असं वाटत नाही. 'नाटकं' हा शब्द फार सोयीचा पडतो.

गोळ्यांनी पहिला महिना नुसती मळमळ झाली आणि मी त्या फेकून देणार होते. दुसऱ्या महिन्यात नववा दिवस आला आणि आय विळीवर बसली होती, खरखर चालू होती, आणि मी शेजारी बसून वांगी चिरत होते. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की मी अजून तिथेच बसलेली आहे. सगळं गेलं असं नाही. काही महिने वाईट जायचे, पुढे लग्नानंतर, मुलगी झाल्यानंतर, औषध बदलावं लागलं. पण मी मेलेलीच बरी असं जे डोक्यात बोलायचं, ते बोलायचं थांबलं. राग यायचा तो माझ्या ओळखीचा असायचा, कारणासाठी यायचा, आणि कारणं काही कमी नव्हती.

दाखला दिला तेव्हा प्राचार्यांनी तो दोनदा वाचला, कागद उलटा करून मागची बाजू पाहिली, आणि म्हणाले, 'म्हणजे बायकांचंच काहीतरी.' नाव कमी केलं नाही. जानकीच्या घरी मी गेले. तिची आई अंगण सारवत होती. मी माफी मागितली, आजारी होते म्हणाले. ती म्हणाली, 'आता बरं हाय ना?' आणि मला पाणी दिलं. जानकी कुडाच्या आड होती. ती बाहेर आली नाही, आणि मी तिला हाक मारली नाही. तिने यायला हवं होतं असं मला वाटत नाही.

डॉक्टरीणबाईंकडच्या पुढच्या एका फेरीला आत्याने स्वतःबद्दल विचारलं. 'मी वेडी होते का?' बाईंनी तिला तासभर प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, 'इतक्या वर्षांनी वही नाही, त्यामुळे शपथेवर सांगता येत नाही. पण तुम्ही सांगताय त्यावरून तुम्हाला हेच होतं. वेड नव्हतं.' आत्याने मान डोलावली. चार दिवसांनी म्हणाली, 'मला त्याच्याकडे ने.' त्याच्याकडे म्हणजे नवऱ्याकडे. किनाऱ्यानेच वर, गुजरातच्या हद्दीजवळ त्याचं गाव; नाव लिहीत नाही, त्याची नातवंडं अजून तिथे आहेत. घरात सगळ्यांनी विरोध केला. काकू म्हणाली, 'आता या वयात तमाशा?' आत्या म्हणाली, 'तमाशा तुम्ही केलात. मी बघत होते.' बाबा यावेळीही उठून समुद्रावर गेले.

तो ओट्यावर जाळं विणत बसला होता. साठीला आलेला, डोक्यावर थोडे पांढरे केस, अंगाने अजून धट्टाकट्टा. दुसरी बायको आतून पाणी घेऊन आली आणि दारातच थांबली. आत्या अंगणात उभी राहिली, बसली नाही.

'ओळखलंत का?'

'मथुरा,' तो म्हणाला.

'भांडायला नाही आले. डॉक्टरीण म्हणाली, मी वेडी नव्हते. पाळीच्या आधीचा आजार होता तो, औषध असतं त्याला. तुम्हाला ठाऊक नव्हतं, म्हणून सांगायला आले.'

त्याचा हात थांबला नाही. सुई जाळ्यातून आत गेली, बाहेर आली. तो म्हणाला, 'ठाऊक होतं मला.'

'काय ठाऊक होतं?'

'पाळी आली की तू बरी व्हायचीस. पंधरा दिवस चांगली असायचीस. मग परत. मी ओळखून होतो ते. आईला नाही कळलं.'

'मग आईला सांगितलं का नाहीत?'

'असल्या गोष्टी बाप्याने आईशी कशा बोलायच्या?' तो म्हणाला, आणि हे त्याला इतकं उघड वाटत होतं की त्याने नवलाने वर पाहिलं.

मग आत्या पुढे झाली, त्या दुसऱ्या बायकोच्या हातातला तांब्या घेतला, उभ्याने पाणी प्यायली, तांब्या परत दिला आणि तिला विचारलं, 'तू बरी आहेस ना?' ती बाई गोंधळून हो म्हणाली. आम्ही निघालो.

परतीच्या एसटीत आत्या खिडकीशी बसली होती. मला वाटलं रडेल. मी तशी तयारीही केली होती, पदर-बिदर पुढे घेऊन. बोर्डी गेलं, घोलवड गेलं. मग ती म्हणाली, 'तीस वर्षं मी त्याचीच बाजू घेत होते. मनात म्हणायचे, बिचाऱ्याला काय कळणार, त्याला कोणी सांगितलंच नाही. अडाणी म्हणून माफ केलं होतं मी त्याला.' पदर सावरून म्हणाली, 'ते आज परत घेतलं.'

आणि ज्या बाईचा आवाज आमच्या अंगणाबाहेर कोणी ऐकला नव्हता, तिने पुढे वाकून, गाडीभर ऐकू जाईल असं, कंडक्टरला सांगितलं की आम्हाला आगरला उतरायचंय, गाडी नीट थांबव.